शिकाऊ डॉक्टरच्या पाठीशी कोण?



आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी ग्रामीण रुग्णालयाची किंवा जिल्हा रुग्णालयाची पायरी चढावी लागली असेल. केसपेपर काढून आपण आत जातो. समोर तेवीस-चोवीस वर्षांचा एक मुलगा किंवा मुलगी बसलेली असते. अंगात पांढरा कोट, गळ्यात कोरी नळी, आणि चेहऱ्यावर अजून कॉलेजचा कोवळेपणा. आपल्याबरोबर आलेली म्हातारी हळूच आपल्या कानाशी लागते, "अरे, हे तर पोरगंच हाय की! मोठा डाक्टर कुठं हाय?"

आजीचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खरे पाहता त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. एक असा की, जो अजून शिकतो आहे, त्याने माझ्या जिवावर का शिकावे? आणि दुसरा असा की, तो शिकत असेल तर त्याला शिकवणारा कुठे आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र रुग्णालयाने रोज, दर खाटेपाशी, करूनच दाखवावे लागते. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाविषयी.

प्रथम हा मुलगा कोण, ते पाहू. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा. शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे शिक्षण संपले, असे होत नाही. त्यापुढे एक वर्ष रुग्णालयात राबावे लागते. या वर्षाला आंतरवासिता म्हणतात आणि मुलांना इंटर्न म्हणतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांत या बावन्न आठवड्यांची वाटणी दिली आहे. बारा आठवडे समाजवैद्यकाचे, म्हणजे गावोगावच्या आणि वस्त्यांतल्या आरोग्यसेवेचे. सात आठवडे प्रसूती आणि स्त्रीरोगाचे. सहा मेडिसिनचे, सहा सर्जरीचे, तीन बालरोगाचे, दोन अपघात विभागाचे, आणि उरलेले इतर विभागांचे. या वर्षात त्याची नोंदणी तात्पुरती असते. त्याला स्वतंत्रपणे काम करता येत नाही. वरिष्ठांच्या नजरेखालीच करावे लागते. स्वतःच्या एकट्याच्या सहीने त्याला वैद्यकीय दाखला, मृत्यूचा दाखला किंवा पोलीस-कोर्टाच्या कामाचा कागद देता येत नाही. वर्ष नीट पार पडले म्हणजे मग कायमची नोंदणी.

त्याच्या पुढची पायरी निवासी डॉक्टरांची. एम.डी., एम.एस.चे शिक्षण घेणारे हे विद्यार्थी तीन वर्षे वॉर्डातच जगतात म्हटले तरी चालेल. त्यांनीही तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेत, असे २०२० मध्ये नियमात आले. तेव्हा तुमच्या जिल्ह्याच्या गावी जे तरुण डॉक्टर दिसतात, त्यांत असेही कोणी असतील.

शिकाऊ डॉक्टराने गावाकडे यावे ही कल्पना काही आजची नव्हे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्यात डॉक्टर होणाऱ्याला तीन महिने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे अशी शिफारस होती. पुढे २ ऑक्टोबर १९५२ पासून समूह विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. शिकणारा डॉक्टर आणि गाव यांची गाठ तेव्हापासून पडत आली आहे.

आता आजीच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. जिवंत माणसावरच का शिकायचे? पुस्तके आहेत, पुतळे आहेत, आता तर यंत्राचे हुबेहूब मनुष्यदेहही मिळतात. सुश्रुतसंहितेत या विषयावर एक स्वतंत्र अध्यायच आहे. शिष्याने कोहळा, भोपळा, काकडी, कलिंगड यांच्यावर छेद घेण्याचा सराव करावा; मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर शीर टोचण्याचा सराव करावा; जाड कापडावर टाके घालून पाहावे; कापडी बाहुल्यावर पट्ट्या बांधून पाहाव्यात, असे तो अध्याय सांगतो. शास्त्र पाठ झाले तरी हाताला सराव नसेल, तर तो माणूस कामाला लायक नाही, असा त्याचा रोख आहे. म्हणजे जे निर्जीव वस्तूवर शिकता येईल, ते तिथेच शिकून यावे, हे आपल्याकडे फार पूर्वीच ठरलेले आहे. पण भोपळा कण्हत नाही. कापडी बाहुल्याला ताप चढत नाही, आणि त्याची बायको बाहेर ओट्यावर रडत बसलेली नसते. शेवटचा धडा माणसापाशीच घ्यावा लागतो. तो घेतला नाही, तर वीस वर्षांनी तुमच्या नातवाला पाहायला डॉक्टरच उरणार नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे वेगळे सांगायला नको. अध्यापक विद्यालयात असताना आपण सरावपाठ घेतलेले आहेत. समोर खरी मुले, हातात टाचण, आणि मागच्या बाकावर निरीक्षक गुरुजी वही उघडून बसलेले. मुले खरीच होती. त्यांचा तास वाया जाऊ नये म्हणून तर गुरुजी मागे बसलेले होते. रुग्णालयातही व्यवस्था तीच. फरक एवढाच की, तिथे पाठ चुकला तर तो उद्या पुन्हा घेऊ असे म्हणता येईलच असे नाही.

मागच्या बाकावर बसायचे म्हणजे नेमके करायचे काय? इथे मला आपल्या विहिरीची आठवण होते. खेड्यात पोराला पोहायला शिकवतात, ते कसे? पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात, कमरेला दोर लावतात, आणि वडील किंवा चुलता दोराचे दुसरे टोक धरून काठावर उभा राहतो. दोर सारखा ताणून धरला, तर पोरगे कधीच पोहायला शिकणार नाही. ते नुसते लोंबकळत राहील. दोर सोडून बिडी ओढायला गेला, तर पोरगे बुडेल. दोर ढिला हवा, पण हातात हवा, आणि डोळा पाण्यावर हवा. वरिष्ठ डॉक्टराची सारी कला या एका वाक्यात येते.

हा दोर टप्प्याटप्प्याने ढिला करायचा असतो. पहिला टप्पा असा, की वरिष्ठ करतो आणि शिकाऊ पाहतो. दुसऱ्या टप्प्यात शिकाऊ करतो आणि वरिष्ठ त्याच्या कोपराशी उभा असतो. हात पुढे करायला वेळ लागू नये इतका जवळ. तिसऱ्या टप्प्यात शिकाऊ करतो आणि वरिष्ठ हाकेच्या अंतरावर असतो. चौथ्यात शिकाऊ करतो आणि वरिष्ठ मागाहून येऊन रुग्ण स्वतः पाहतो, कागद वाचतो, मग सही करतो. कोणाला कोणत्या टप्प्यावर ठेवायचे, हे त्याच्या वर्षावरून किंवा मार्कांवरून ठरत नाही. ते त्या कामावरून आणि त्या माणसावरून ठरते. एखादी मुलगी जखमेला टाके घालण्यात चौथ्या टप्प्यावर पोहोचलेली असते, पण अडलेल्या बाळंतिणीपाशी ती अजून पहिल्याच टप्प्यावर असते. दोन्ही कामांना एकच माप लावणारा वरिष्ठ एके ठिकाणी तिचा वेळ फुकट घालवतो आणि दुसऱ्या ठिकाणी बाळंतिणीचा जीव टांगणीला लावतो.

शल्यविद्येत एक म्हण रूढ आहे, की एकदा पाहा, एकदा करा, आणि मग दुसऱ्याला शिकवा. म्हण ऐकायला छान आहे. पण एकदा पाहून कोणाला भाकरी तरी थापता येते का? किती वेळा करून हात बसला, हे मोजायचे असते, आणि मोजणाऱ्याने ते स्वतः पाहिलेले असावे लागते. इंटर्नजवळ एक नोंदवही असते. केलेल्या कामांच्या नोंदींवर तीत वरिष्ठांनी सही करायची असते. वर्षाच्या शेवटी एका बैठकीत सगळ्या पानांवर सह्या ठोकल्या, तर ती वही रद्दीच्या भावाची. त्याच दिवशी, काम पाहून केलेली एक सही अशा शंभर सह्यांहून मोलाची असते.

आता एक उदाहरण घेऊ. पावसाळ्याचे दिवस आहेत असे समजा. रात्रीचे दोन वाजलेत. रुग्णालयात एका शेतमजुराला बैलगाडीतून नव्हे तर शेजाऱ्याच्या जीपमधून आणले आहे. तो खाली जमिनीवर झोपला होता. मध्यरात्री पोटात दुखायला लागले, एक उलटी झाली. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही. घरचे म्हणतात, "काही तरी खाण्यात आलं असेल." ड्युटीवरची इंटर्न त्याला पाहते. पोट मऊ आहे. पोटदुखीची सुई देऊन सकाळपर्यंत ठेवावे, असे तिच्या मनात येते. पण कुठे तरी चुकचुकते. वैद्यकीय अधिकारी आवारातल्या क्वार्टरमध्ये आहेत. फोन करावा की न करावा?

ती फोन करते. आता पलीकडून दोन तऱ्हेची उत्तरे येऊ शकतात. एक उत्तर असे: "पोटदुखीसाठी रात्री दोनला उठवतेस? एवढंही कळत नाही? काय शिकलीस पाच वर्षं?" फोन बंद.

दुसरे उत्तर असे: "बरं केलंस विचारलंस. कुठं झोपला होता तो?"

"जमिनीवर, सर."

"पापण्या पाहिल्यास? वर बघायला सांग त्याला."

थोडा वेळ जातो. "सर, डोळे अर्धवट मिटताहेत. पूर्ण उघडत नाहीत."

"मग हे काय असेल असं तुला वाटतं?"

"मण्यार, सर?"

"मलाही तेच वाटतं. सलाईन लाव, सिस्टरला प्रतिसर्पविषाच्या कुप्या काढायला सांग, आणि अ‍ॅड्रेनलिन भरून जवळ ठेव, कारण त्या औषधानंही काहींना त्रास होतो. श्वासाकडे लक्ष दे. मी पाच मिनिटांत पोचतो."

आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल, मण्यार जातीचा साप रात्री झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्याच्या दाताची खूण बहुधा दिसतही नाही. आधी पोट दुखते, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. पोटदुखीची सुई देऊन त्याला झोपवले असते, तर सकाळी तो उठलाच असता असे सांगता येत नाही. आता पाहा, दुसऱ्या वरिष्ठाने किती थोडे बोलून किती काम केले! त्याने उत्तर हातावर ठेवले नाही, प्रश्न विचारले. त्यामुळे त्या मुलीला पापण्या पाहण्याची सवय जन्मभरासाठी लागली. पण प्रश्न विचारत तो अंथरुणातच पडून राहिला नाही, तो आला. धोका दिसला की शिकवणे बाजूला ठेवून दोर ओढायचा असतो.

आणि पहिल्या वरिष्ठाने काय केले? त्याने त्या एका रात्रीची झोप वाचवली, आणि पुढच्या वर्षभराचे फोन बंद करून टाकले. पुढच्या वेळी ती मुलगी फोन करणार नाही. तिच्याबरोबरची मुलेही करणार नाहीत, कारण अशी बातमी होस्टेलात सकाळच्या चहाआधी पोचते. माझी बरीच वर्षे वॉर्डात गेली आहेत, त्यावरून सांगतो, कमी येणाऱ्या मुलाची मला तितकी भीती वाटत नाही. जो विचारायला घाबरतो, त्याची वाटते. आणि तो का घाबरतो, याचे उत्तर बहुधा त्याच्या वरिष्ठाच्या जिभेवर असते.

ही गोष्ट जगभर सारखीच आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी १९८४ च्या मार्चमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी ताप आल्याने रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांतच वारली. तिला रात्री पाहणारे डॉक्टर प्रशिक्षणातले होते. वरिष्ठांशी बोलणे झाले ते फोनवर. मृत्यूच्या कारणाबद्दल पुढे कोर्टात पुष्कळ वाद झाला. पण त्या प्रकरणाने दोन प्रश्न ऐरणीवर आणले: शिकाऊ डॉक्टरांवर देखरेख किती, आणि ते जागे किती तास? १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केला की, त्यांना आठवड्यात ऐंशी तासांहून अधिक आणि सलग चोवीस तासांहून अधिक राबवू नये, आणि अनुभवी डॉक्टर जागेवर हजर असावा. आपल्याकडेही केंद्र सरकारने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी सूचना काढल्या. त्यांत सर्वसाधारणपणे सलग बारा तासांहून अधिक काम नसावे आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असावेत, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात हे सर्वत्र पाळले जाते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण रात्रभर मोटेला धरलेला बैल सकाळी नांगराला जुंपू नये, हे ज्या शेतकऱ्याला कळते, त्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. देखरेख करणाऱ्याने मुलाचे काम पाहावे, तसे त्याचे डोळेही पाहावेत. तो जेवला का, झोपला का, हे विचारणे लाड नव्हे. पेंगणारा माणूस औषधाचे दशांश चिन्ह चुकवतो.

देखरेखीची साधने तशी साधी आहेत. पहिले साधन सकाळचा राऊंड. त्यात वरिष्ठाने स्वतःचेच पांडित्य सांगत सुटू नये. मुलाला रुग्णाची हकिकत सांगू द्यावी, आणि मग स्वतः नाडी धरून, पोटाला हात लावून ताडून पाहावी. दुसरे साधन पाळी बदलतानाचे बोलणे. घरी जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगायचे की, सर्वांत अत्यवस्थ कोण, काय केले, काय करायचे राहिले, आणि रात्रीत काय घडू शकेल. तिसरे साधन असे, की फोनवर औषध सांगितले तर ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवावे, आणि लगेच लिहून ठेवावे. चौथे साधन म्हणजे वॉर्डाची सिस्टर. पंचवीस वर्षे सेवा झालेल्या परिचारिकेला रुग्णाच्या चेहऱ्यावरून जे कळते, ते नव्या डॉक्टराला तपासूनही कळत नाही. "सिस्टर काही म्हणाल्या तर माझ्या आधी त्यांचे ऐक," असे पहिल्याच दिवशी सांगणारा वरिष्ठ शहाणा. गावाकडे आला असेल, तर आशाताई आणि ए.एन.एम. यांनाही त्याने गुरूच मानावे.

आणि चूक झाली तर? ती सांगायची, पण कशी, ते शिक्षकांकडून शिकण्यासारखे आहे. रुग्णासमोर पाणउतारा करू नये. त्याने मुलाचा धीर जातो आणि रुग्णाचा विश्वासही जातो. बाजूला नेऊन, त्याच दिवशी, नेमके सांगावे. "तू निष्काळजी आहेस" असे म्हणण्याऐवजी "औषधाची मात्रा काढताना तू मुलाचे वजन केले नाहीस, आता माझ्यासमोर वजन कर आणि पुन्हा हिशेब मांड," असे म्हणावे. पहिल्या वाक्याने पोरगे दुखावते, दुसऱ्याने शिकते. मात्र हात चुकीच्या शिरेवर जात असेल, तर तिथे बाजूला नेण्याचा प्रश्नच नाही. तिथल्या तिथे हात धरावा. मान राखण्यासाठी जीव पणाला लावता येत नाही.

श्रोतेहो, या कामात तुमचाही वाटा आहे. शिकाऊ डॉक्टराने तपासले, तर त्याचे नाव विचारा, आणि "मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं का? ते कधी येणार?" असे मोकळेपणाने विचारा. हा तुमचा हक्क आहे, आणि नीट शिकणारा मुलगा त्याने दुखावत नाही. हकिकत पुरी सांगा. आधी वैदूकडे गेलो, मंत्र घातला, दुकानातून गोळी घेतली, हे लपवू नका. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: दुःखाच्या भरात त्या पोरावर हात टाकू नका. आपल्या राज्यात अशा हल्ल्यांविरुद्ध २०१० सालापासून कायदा आहे; पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी मार खाल्लेला तरुण पुढे अवघड रुग्णाला हात लावायला कचरतो, त्याला शहराकडे धाडून मोकळा होतो. वाटेत जो वेळ जातो, तो आपल्याच माणसाचा जातो.

शिक्षकांना एवढीच विनंती. तुमच्या वर्गातली एखादी मुलगी उद्या डॉक्टर होईल. "मला येत नाही, विचारून सांगते," हे वाक्य न लाजता म्हणायला तिला आजच शिकवा. वर्गात चुकीच्या उत्तरावर हशा पिकू देऊ नका. रात्री दोन वाजता तो फोन होणार की नाही, याचा निर्णय काही अंशी तुमच्या वर्गातच होतो.

शेवटी, दोर कायम बांधून ठेवण्यासाठी नसतो. आज ज्याच्या मागे कोणी उभे आहे, तो उद्या आरोग्य केंद्रात एकटा असेल. डॉक्टर हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा ते तरुणच होते. कोकणात विंचवाच्या दंशाने माणसे दगावत. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी निरीक्षण केले, ते लिहून ठेवले, आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून त्या दंशाने होणारे मृत्यू फार कमी करून दाखवले. उशाशी बसून पाहायचे आणि पाहिलेले लिहायचे, ही सवय ज्याला लागली, तो एकटा पडला तरी पोरका होत नाही. देखरेखीचे फळ हेच. ज्या दिवशी शिष्य दोराशिवाय विहीर पार करतो आणि मग स्वतः काठावर येऊन दुसऱ्याचा दोर हातात घेतो, त्या दिवशी शिकवणाऱ्याचे काम झाले असे समजावे.

तेव्हा पुढच्या खेपेला आजीने विचारले, "मोठा डाक्टर कुठं हाय?" तर तिला गप्प करू नका. तो प्रश्न तिला मोठ्याने विचारू द्या. चांगल्या रुग्णालयात त्याचे उत्तर मिळेल, "हा काय, मी इथेच उभा आहे."